टेक्सासमधली बेगमी: आधी पाणी, मग ऊब, बंदूक सगळ्यात शेवटी

१५ फेब्रुवारी २०२१ ला, कडाक्याच्या हिवाळी वादळात, पहाटे दोनच्या सुमाराला टेक्सासच्या वीज ग्रिडची फ्रीक्वेन्सी नेहमीच्या ६० वरून ५९.४ हर्ट्झच्या खाली घसरली. ती तिथे नऊ मिनिटं राहिली असती तर वीजकेंद्रं स्वतःला वाचवण्यासाठी एकामागोमाग एक आपोआप बंद पडली असती आणि राज्य कित्येक आठवडे अंधारात गेलं असतं. ती ४ मिनिटं २३ सेकंदांनी वर आली. तरीही ४५ लाखांच्या आसपास घरांची वीज गेली. राज्याच्या आरोग्य खात्याने पुढे २४६ मृत्यू मोजले. त्यातले १६१ थंडीने, १९ कार्बन मोनॉक्साइडने, १० आगीत. बाकीचे आजार बळावून, रस्त्यावरच्या अपघातात आणि घसरून पडून. त्या यादीत लुटारूंचा रकाना नाही. हे आधी सांगण्याचं कारण असं की इथले बरेच प्रेपर, म्हणजे संकटासाठी आधीच साठा करून ठेवणारे लोक, तयारीची सुरुवात बंदुकीपासून करतात आणि पाण्याचे डबे 'पुढच्या महिन्यात' घेतात.

आपला ग्रिड राज्याच्या हद्दीत ठेवायचा, म्हणजे वॉशिंग्टनचा वीज नियामक त्यात बोट घालणार नाही, हा टेक्सासचा जुना निर्णय. त्याची किंमत अशी की गरज पडली तेव्हा शेजारच्या राज्यांतून फारशी वीज आणता आली नाही. एल पासो पश्चिमेच्या ग्रिडवर आहे, तिथले दिवे बहुतेक चालू राहिले. त्याच आठवड्यात कोलोरॅडो सिटी नावाच्या छोट्या गावाच्या महापौरांनी जाहीरपणे लिहिलं की सरकार तुमचं काही देणं लागत नाही, ज्याचं त्याने बघावं. लोक खवळले आणि त्यांना पद सोडावं लागलं. शेतकरी संघटनेची खुल्या बाजाराची भाषणं ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा सूर अनोळखी नाही. तो पटो न पटो, व्यवहारात त्याचा अर्थ एकच निघतो: दोन आठवड्यांची बेगमी घरात हवी. खालचे आकडे चार माणसं आणि चौदा दिवस धरून दिले आहेत.

पाणी

माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. चार माणसांना चौदा दिवस ५६ गॅलन. सात गॅलनचे आठ निळे डबे घेतले की हिशेब बरोबर बसतो. भरलेला डबा २७ किलोच्या घरात जातो, त्यामुळे सगळेच मोठे घेऊ नका. आई-बाबा इथे येऊन राहत असतील तर निम्मं पाणी एक-दोन गॅलनच्या कॅनमध्ये भरा. डबे गराजमध्ये ठेवू नका. जुलैत तिथे प्लास्टिकचा वास पाण्यात उतरतो आणि फेब्रुवारीत पाणी गोठून डबा तडकतो. आतल्या कपाटात, खालच्या बाजूला ठेवा. दर सहा महिन्यांनी पाणी बदलायचं असतं, आणि पाडवा ते दसरा साधारण तेवढंच अंतर आहे. तारीख लक्षात ठेवायची वेगळी खटपट नको.

नळाच्या पाण्याची खात्री नसेल तेव्हा ते उकळणं उत्तम. इंधन वाचवायचं असेल तर साधं, बिनवासाचं ब्लीच. बाटलीवर ८.२५ टक्के लिहिलं असेल तर गॅलनला सहा थेंब, ६ टक्के असेल तर आठ. गढूळ पाणी आधी धोतराच्या किंवा मलमलीच्या कापडातून गाळा आणि थेंब दुप्पट करा. अर्धा तास थांबा. पाण्याला क्लोरीनचा अगदी हलका वास यायला हवा. नसेल तर तेवढेच थेंब पुन्हा घालून पंधरा मिनिटं थांबा. शिंतोडे न उडणारं (स्प्लॅशलेस) म्हणून जे जाडसर ब्लीच मिळतं ते यासाठी चालत नाही. वर्षभर जुनी बाटलीही नको, ती कमजोर झालेली असते. पुराच्या पाण्यात पेट्रोल किंवा रसायनं मिसळली असतील तर ब्लीचचा काही उपयोग नाही.

वॉटर हीटरच्या टाकीत ४० ते ५० गॅलन पाणी आयतंच असतं. आधी हीटर बंद करा: विजेचा असेल तर ब्रेकर पाडा, गॅसचा असेल तर नॉब बंदवर न्या. मग टाकीत येणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. वरच्या मजल्यावरचा एक गरम नळ उघडा, नाहीतर हवा आत शिरत नाही आणि पाणी बाहेर येत नाही. मग खालच्या तोटीला पाइप लावा. लोक पहिली पायरी विसरतात. वीज परत येते, रिकाम्या टाकीत कॉइल तापते आणि जळते. दुसरी अडचण तोटीची. इथल्या कडक पाण्याचा क्षार तळाशी साठून ती तुंबते, जोर लावला की प्लास्टिकची तोटी हातात येते. म्हणून वर्षातून एकदा टाकीतलं थोडं पाणी काढून टाकत जा. नव्या घरांत टाकी नसलेले हीटर असतात, तिथे हा साठाच नाही. आधी बघून ठेवा.

बाथटब भरून ठेवण्याचा सल्ला सगळेच देतात. त्याचं बूच थेंबथेंब गळतं आणि सकाळी टब निम्मा रिकामा दिसतो, हे कोणी सांगत नाही. जाड प्लास्टिक अंथरून मग भरा. हे पाणी संडाससाठी. दीड गॅलनची बादली एका दमात ओतली तर फ्लश होतो. हळूहळू ओतली तर पाणी फुकट जातं.

पाइप फुटू नयेत म्हणून

टेक्सासमधल्या बऱ्याच घरांचे पाण्याचे पाइप पोटमाळ्यावरून जातात. तिथे थंडीपासून बचाव जेमतेम असतो. बाहेर पारा उणे सात अंश सेल्सिअसच्या, म्हणजे २० फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल आणि घरात हीटर चालू असेल तर नळांना बारीक धार ठेवली की पुरतं. वीज गेली आणि घर गार पडू लागलं तर धारेच्या भरवशावर राहू नका. मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडा, वॉटर हीटर बंद करा, पाइप रिकामे होऊ द्या.

हा व्हॉल्व्ह बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या कडेला मीटरच्या खड्ड्यात असतो. तो पहिल्यांदा रात्री, बर्फात, टॉर्च दातात धरून शोधण्याची वेळ येऊ देऊ नका. आत्ताच एका रविवारी झाकण उघडा. आत बहुधा चिखल असेल आणि लाल मुंग्यांचं वारूळही असेल, त्यामुळे हातमोजे घाला. टी आकाराची मीटरची किल्ली हार्डवेअरच्या दुकानात थोडक्यात मिळते. पाव फेरा फिरवून बघा. गंजून अडकला असेल तर जोर करू नका, पालिकेला फोन करा. तुटला तर दुरुस्तीचा खर्च तुमच्या गळ्यात पडू शकतो.

पाइप गोठतो रात्री, पण फुटल्याचं कळतं उन्हं तापल्यावर, बर्फ वितळलं की. त्या वेळी घरी कोणीतरी हवं.

ऊब आणि धूर

संपूर्ण घर गरम ठेवण्याचा नाद सोडा. दक्षिणेकडची एक छोटी खोली निवडा, दाराखाली टॉवेल कोंबा, गाद्या एकत्र करा. मुलं असतील तर खोलीत छोटा तंबू लावा, आतली हवा अंगाच्या उबेनेच तापते. आजीच्या हातच्या गोधड्या इथे कुठल्याही महागड्या ब्लँकेटला हार जात नाहीत, फक्त एक खाली अंथरायलाही हवी. निम्मी थंडी जमिनीतून चढते.

मग येतात कार्बन मोनॉक्साइडचे ते १९ मृत्यू. कोळशाची शेगडी घरात आणणं, गॅसची ओव्हन उघडी ठेवून ऊब घेणं, गराजचं दार उघडं ठेवून आत गाडी चालू ठेवणं, या तीन चुका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं थंडी बाधली. या वायूचा इशारा देणाऱ्या, विजेवरच्या काही अलार्मना बॅटरीचा आधार नसतो, ते वीज जाताच मुके होतात. दहा वर्षं टिकणाऱ्या लिथियम बॅटरीचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोलीबाहेर लावा. बंदुकीच्या गोळ्यांच्या एका पेटीइतक्या पैशात तो येतो.

जनरेटर

फ्रिज, वायफाय, दिवे आणि फोन यांना २००० वॉटचा इन्व्हर्टर जनरेटर पुरतो. फ्रिज चालताना दीडशे-दोनशे वॉट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढतो. छोटे जनरेटर तिथेच दम टाकतात. फ्रिजचं दार बंद ठेवलं तर दिवसाला चार तास चालवून भागतं. चौदा दिवसांचे ५६ तास झाले. पाव भारावर असा जनरेटर गॅलनमागे साधारण आठ तास चालतो, म्हणजे सात गॅलन पेट्रोल. पाच-पाच गॅलनचे दोन कॅन ठेवा.

पेट्रोलचे कॅन गराजमध्ये ठेवू नका, विशेषतः गॅसचा वॉटर हीटर तिथेच असेल तर. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत सरकते आणि हीटरच्या पायलटपर्यंत, म्हणजे आतल्या सतत जळणाऱ्या छोट्या ज्योतीपर्यंत, पोहोचते. अंगणातल्या शेडमध्ये ठेवा. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते तीनेक महिन्यांत बिघडून कार्बोरेटरमध्ये चिकट थर सोडतं. 'गेल्या वर्षी तर चालू झाला होता' या तक्रारीच्या मागे दहातल्या नऊ वेळा हेच असतं. पेट्रोल टिकवणारं द्रव (फ्युएल स्टॅबिलायझर) त्यात घाला, महिन्यातून एकदा भार देऊन वीस मिनिटं चालवा, आणि ठेवून देताना पेट्रोलची कळ बंद करून तो आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. खंडेनवमीला जनरेटरला झेंडू वाहणार असाल तर आधी चालवून बघा.

जनरेटर घरापासून किमान वीस फुटांवर, धुराचं तोंड खिडक्यांच्या उलट्या दिशेला. पावसात झाकायचा तर चारी बाजूंनी मोकळा पत्रा. पन्नास फुटांची वायर लागत असेल तर १२ गेजची घ्या. बारीक वायर तापते आणि फ्रिजला व्होल्टेज कमी मिळतं.

ड्रायरच्या सॉकेटमध्ये दोन्ही टोकांना पिन असलेली वायर खुपसून अख्खं घर चालवायचा 'जुगाड' कधीही करू नका. तुमची वीज उलटी रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते, तिथे तिचं व्होल्टेज हजारोंनी वाढतं आणि खांबावर चढलेला लाइनमन मरतो. ३० अँपचं इनलेट (जनरेटरची वायर जोडायची जागा) आणि पॅनेलवर इंटरलॉक (ग्रिड आणि जनरेटर एकाच वेळी जोडू न देणारी पट्टी) परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. तरीही घर तापवणारी गॅसची फर्नेस सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर बहुतेक वेळा दोष फर्नेसचा नसतो. इन्व्हर्टर जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, त्यामुळे फर्नेसच्या ज्योतीच्या सेन्सरला ज्योत दिसत नाही. यावरचा उपाय जनरेटरप्रमाणे बदलतो, तोही इलेक्ट्रिशियनच करेल.

छतावर सोलर आहे म्हणून निर्धास्त असलेल्यांसाठी: साधा सोलर इन्व्हर्टर ग्रिड गेला की मुद्दाम स्वतःला बंद करतो, याच लाइनमनसाठी. बॅटरी आणि ग्रिडपासून वेगळं पडण्याची सोय नसेल तर लख्ख उन्हातही घर बंद.

अपार्टमेंटमध्ये बाल्कनीत जनरेटर चालवणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरात धूर सोडणं. तिथे हजार वॉट-तासांचं पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी, घ्या. फोन आणि दिवे आठवडाभर चालतील, फ्रिज जेमतेम एक दिवस. बहुतेक प्रकारचं इन्सुलिन उघडल्यावर ३० अंशांखालच्या तापमानात २८ दिवस टिकतं. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळानंतर ह्यूस्टनमध्ये २२ लाखांहून अधिक जोडण्या बंद पडल्या तेव्हा प्रश्न उकाड्याचा होता. फेब्रुवारीत मात्र इन्सुलिन गोठू द्यायचं नाही, गोठलेलं फेकून द्यायचं.

सोसायटीच्या नियमांची भीती वाटत असेल तर: टेक्सासच्या कायद्याने घरमालकांच्या असोसिएशनला पावसाच्या पाण्याचे पिंप, सोलर किंवा कायमचा बसवलेला जनरेटर सरसकट नाकारता येत नाही. रंग, जागा, आडोसा एवढ्यावर त्या अट घालू शकतात. सरकारच्या नावाने बोटं मोडणारे अनेकजण या छोट्या खासगी सरकारपुढे मान तुकवतात, ती गंमत वेगळीच.

डाळ-तांदूळ

माणशी दिवसाला तांदूळ २५० ग्रॅम, डाळ १००, पोहे किंवा रवा ७५, गूळ ५०, तेल ३० ग्रॅम. एवढ्यात १९५० कॅलरीच्या आसपास मिळतात. चौघांच्या चौदा दिवसांसाठी: तांदूळ १४ किलो, डाळ साडेपाच-सहा किलो, पोहे-रवा सव्वाचार किलो, गूळ पावणेतीन किलो, तेल दोन लिटर. म्हणजे पटेल ब्रदर्स किंवा तत्सम भारतीय किराणा दुकानातली एक नेहमीची फेरी, वेगळं काही नाही. रोजच्या खाण्यातलंच असेल तर आपोआप फिरत राहतं. मायलरच्या (चकचकीत, हवाबंद) पिशवीत ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घालून पंचवीस वर्षं टिकणारा तांदूळ ही हौस आहे. करायचीच असेल तर पाच गॅलनच्या बादलीला २००० सीसी शोषक लागतो, पुडकं उघडल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सगळे वापरा, साखरेत घालू नका, तिचा दगड होतो. दाणे, खोबरं असलं तेलकट काही तर त्यात कधीच भरू नका.

कणकेवर भिस्त ठेवू नका, कोंड्यातलं तेल दोन-तीन महिन्यांत खवट होतं. दाण्याचं कूट गराजमध्ये त्याहून लवकर. तुरीपेक्षा मूग आणि मसूर बरे: जुनी तूर शिजत नाही, त्यात ऑस्टिन-सॅन अँटोनियोचं पाणी कडक, आणि गॅस मोजका. मेतकूट, लोणचं, ताकाची मिरची विसरू नका. चौदा दिवस नुसत्या खिचडीवर काढल्यावर त्यांची किंमत कळते.

शिजवायला इथली मंडळी हातात धरायच्या ब्युटेनच्या बाटल्यांची शेगडी घेतात. ब्युटेन उणे अर्ध्या अंशावर उकळतो. त्याहून थंडी असेल तर त्याची वाफच होत नाही. १६ फेब्रुवारी २०२१ ला डॅलसचा पारा उणे १९ वर होता. त्या दिवशी अंगणात ब्युटेन पेटत नाही, आणि आत पेटवला तर धुराचा प्रश्न. प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतो. एक बर्नर, वीस पौंडांची टाकी, आणि ती नेहमी बाहेर. ब्युटेनच्या शेगडीवर पोळ्यांचा मोठा तवा ठेवण्याचाही मोह टाळा. तव्याची झळ शेजारच्या बाटलीवर पडते आणि बाटली फुटू शकते.

गॅस वाचवायची एक जुनी युक्ती: कुकरला दोन शिट्ट्या होऊ द्या, खाली उतरवा, टॉवेलमध्ये आणि मग गोधडीत घट्ट गुंडाळून पाऊण तास न उघडता ठेवा. भिजवलेली मुगाची डाळ-तांदूळ मऊ शिजतात आणि कुकरची ऊब खोलीतच राहते.

कागद आणि पैसे

पासपोर्ट, ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड), आय-७९७ (व्हिसा मंजुरीची नोटीस), आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) ची छापील प्रत, मुलांचे जन्मदाखले: सगळं झिपच्या दुहेरी पिशवीत, वरच्या कप्प्यात. शे-दोनशे डॉलर पाच आणि दहाच्या नोटांत. वीज नसताना कार्ड चालत नाही आणि शंभराची मोड कोणी देत नाही. घराच्या साध्या विम्यात पूर धरत नाहीत. संघराज्याच्या पूरविमा लागू व्हायला तीस दिवस थांबावं लागतं, म्हणजे वादळ बातम्यांत आलं की उशीर झालेला असतो. करदात्यांच्या पैशावर पूरपट्ट्यात घरं बांधायला दिलेलं हे उत्तेजन आहे, अशी मुक्त बाजारवाल्यांची टीका आहे आणि ती बरीचशी रास्त आहे. तरी पॉलिसी घ्या.

विजेचा प्लॅन ठरलेल्या दराचाच ठेवा. त्या आठवड्यात घाऊक भाव युनिटला नऊ डॉलरवर अडकून राहिला होता आणि घाऊक दराशी बांधलेल्या घरांना हजारो डॉलरची बिलं आली.

बंदूक

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. 'पात्र' हा शब्द आपल्या लोकांनी नीट वाचायचा आहे. संघराज्याच्या कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला, म्हणजे एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा पाहुण्यांच्या बी-२ वर असलेल्याला, बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवणं हा गुन्हा आहे. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत, शिवाय देशाबाहेर रवानगीची टांगती तलवार. ग्रीन कार्डचा अर्ज पडून असेल तरीही फरक पडत नाही. ऑफिसातल्या मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन त्याची बंदूक हातात घेणं हेसुद्धा 'जवळ ठेवणं' धरलं जातं. राज्याने ढील दिली म्हणून वॉशिंग्टन देत नाही. स्वातंत्र्याच्या गप्पा मारणारा शेजारी हे सांगत नाही, कारण त्याला ते लागू नाही.

शिकारीचा चालू परवाना असणाऱ्याला अपवाद आहे. पण टेक्सासचा शिकार परवाना दर ३१ ऑगस्टला संपतो. १ सप्टेंबरच्या सकाळी कपाटातली तीच बंदूक गुन्हा ठरते. या अपवादाच्या जोरावर काही करायचं असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, बंदुकीच्या दुकानदाराला नव्हे.

ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना बंदूक घेता येते. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना दुसऱ्यासाठी घेत असाल आणि 'स्वतःसाठी' म्हणाल तर तोही गुन्हा आहे. पिस्तूल बाळगण्याचा परवाना सक्तीचा नसला तरी काढा: शाळेपासून हजार फुटांच्या आत संघराज्याचा वेगळा नियम लागू होतो, त्यातून परवानाधारक सुटतो. मंदिराच्या किंवा दुकानाच्या दाराशी ३०.०६ आणि ३०.०७ अशा आकड्यांची पाटी असेल तर परवाना असूनही आत न्यायची नाही.

घरात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा टेक्सासमध्येही गुन्हा आहे. भिंतीला बोल्ट मारलेली तिजोरी, गोळ्या वेगळ्या, आत ओल शोषणारी पुडी, नाहीतर ह्यूस्टनच्या दमट हवेत दोन महिन्यांत गंज चढतो. घरात कोणी व्हिसावर असेल, अगदी सहा महिन्यांसाठी आलेले सासरे असले तरी, तिजोरीचा आकडा फक्त पात्र माणसालाच माहीत हवा.

रेंजला नेण्याची बॅग वेगळी, उठून दिसेल अशा रंगाची ठेवा आणि ती प्रवासाला कधीच वापरू नका. तिच्या अस्तराच्या शिवणीत अडकलेली एक गोळी इथून निघताना नजरेतून सुटू शकते आणि परतीच्या वेळी मुंबईच्या स्कॅनरमध्ये सापडते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली एका काडतुसावरही अटक होते. ते नकळत आलं होतं हे पटवता येतं, पण कोर्टात, आणि तोवर पासपोर्ट पोलिसांकडे. बॅग अगोदरच वापरली गेली असेल तर निघण्यापूर्वी ती रिकामी करून उलटी करा, झटका आणि प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवा.